वरणात डाळ किती

फिक्श्चर माझ्या हातातून सुटलं तेव्हा एवढा मोठा आवाज झाला की पलीकडच्या लाइनवरची माणसंसुद्धा काम थांबवून बघायला लागली.

चाकणच्या एका कंपनीत मी टूलरूमला आहे. मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, हलू नये म्हणून तो ज्यात घट्ट धरतात, ते लोखंडी फिक्श्चर उचलायचं, टेबलावर घ्यायचं, तपासायचं आणि परत लावायचं, हे माझं रोजचं काम. त्या दिवशी जे पडलं ते नवं नव्हतं आणि फार जडही नव्हतं. एकट्या माणसाने उचलावं एवढंच. मी ते वर्षानुवर्षं उचलत आलो होतो. त्या दिवशी कमरेपर्यंत आणलं आणि माझी बोटं आपोआप उघडली. मी ती उघडली नाहीत. ती उघडली. फिक्श्चर माझ्या बुटाच्या शेजारी आदळलं आणि फरशीचा टवका उडाला.

मला काही लागलं नव्हतं. पण मी तिथेच तळहात समोर धरून उभा राहिलो. हाताला ना तेल होतं, ना घाम.

माझा एक मित्र मेंटेनन्समधून धावत आला. भोसरीचा मुसलमान गडी, घरात बाप-भाऊ सगळे मेकॅनिक, एका चुलत भावाचं चिकनचं दुकान. आम्ही कंपनीच्या एकाच बसने येतो आणि जेवायला एकाच टेबलावर बसतो.

"सकाळपासून काय खाल्लंस?" त्याने विचारलं.

"लिंबूपाणी."

"लिंबूपाणी पिऊन लोखंड उचलतोस? राव, वेडबिड लागलंय का तुला?"

मी हसलो, कारण आजूबाजूला सगळे बघत होते. आतून मात्र मी चांगलाच घाबरलो होतो.

त्याचं असं झालं होतं, की कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझ्या लिव्हरवर चरबी निघाली. वजन कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. कसं करा ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मोबाइलवर बघून मीच ठरवलं. सकाळी लिंबू-मध-पाणी, दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी, संध्याकाळी काकडी-टोमॅटो. त्याशिवाय मोशीत आमच्या सोसायटीभोवती फेऱ्या. वजन भराभर उतरलं. घड्याळाच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. सोसायटीत रोज फिरायला येणारे गृहस्थ मला थांबवून विचारायचे, "काय केलंत हो? आम्हालाही सांगा की!" आणि मी सांगायचो. मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

फिक्श्चर पडल्यावर कंपनीच्या दवाखान्यात बीपी बघितलं, साखर बघितली. तिथले डॉक्टर म्हणाले, "आहारतज्ज्ञाला भेटून घ्या. हे असं वजन उतरणं मला आवडलेलं नाही."

असं वजन उतरणं म्हणजे कसं, ते मला कळलं नाही. वजन उतरलं की उतरलं.

शनिवारी सुट्टी घेऊन पिंपळे सौदागरला गेलो. एका मोठ्या सोसायटीच्या खालच्या गाळ्यात छोटासा दवाखाना होता. आहारतज्ज्ञ बाई वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या, पण बोलणं एकदम रोखठोक. त्यांनी मला बूट-मोजे काढून एका यंत्रावर उभं केलं. दोन्ही हातांत दांडे धरायला दिले. अंगात चरबी किती आणि स्नायू किती, याचा अंदाज ते यंत्र देतं. आकडे समोरच्या पडद्यावर आले. माझ्या जुन्या तपासणीतही असंच मोजलेलं होतं. ते त्यांनी शेजारी लावलं.

"वजन बरंच उतरलंय," त्या म्हणाल्या.

"हो ना."

"चरबी थोडीशीच उतरलीये."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मग बाकीचं काय उतरलं?"

"स्नायू. थोडं पाणीही. पण मुख्य स्नायू." त्यांनी माझ्या दंडाकडे बोट दाखवलं. "तुम्ही शरीराला प्रोटीन दिलं नाही, व्यायामात जोर लावला नाही. शरीराने मग जे हाताशी होतं ते मोडून खाल्लं. पोट बघा तुमचं. तसंच आहे."

मी खाली बघितलं. खरंच तसंच होतं. घड्याळाचा पट्टा आवळला होता, हात-पाय काटकुळे झाले होते, गाल बसले होते आणि पोट मात्र जागच्या जागी होतं. रोज आरशासमोर उभा राहणाऱ्या मला हे दिसलं नव्हतं. एवढे दिवस लोक ज्याचं कौतुक करत होते, ती माझी ताकद होती. अंगातून निघून जात होती आणि मी टाळ्या घेत होतो. मी त्यांच्याकडे पाणी मागितलं.

जास्त प्रोटीन सोसेल का, हे बघायला त्यांनी आधी किडनीचा रिपोर्ट मागवून तपासला. तो ठीक होता. मग म्हणाल्या, "आता उपाशी राहायचं नाही. खायचं. फक्त काय खायचं ते बदलायचं. प्रत्येक जेवणात आधी प्रोटीन, मग बाकीचं. तुम्ही एरवी रोज प्रोटीन म्हणून काय खाता?"

"वरण," मी ठामपणे म्हणालो. "आमच्याकडे दोन्ही वेळा वरण असतं. लहानपणापासून."

"वाटीभर?"

"वाटीभर."

"त्या वाटीत डाळ किती असते?"

हा काय प्रश्न झाला? वाटीभर वरणात वाटीभर डाळ. त्या हसल्या नाहीत. "घरी जाऊन बघा," एवढंच म्हणाल्या.

घरी गेलो तेव्हा बायको कुकर लावायच्या तयारीतच होती. मी तिच्याशेजारी उभा राहिलो. तिने डब्यात हात घातला, मूठभर तूरडाळ काढली, धुतली आणि भांड्यात टाकली.

"एवढीच?"

"म्हणजे?"

"दोन्ही वेळचं, तिघांचं वरण एवढ्या डाळीत?"

"रोज एवढीच असते. लग्न होऊन आले तेव्हापासून. आजच काय झालं?"

मी ती डाळ निथळून ताटलीत पसरली. माझा, बायकोचा आणि मुलीचा असे तीन वाटे केले आणि प्रत्येक वाट्याचे पुन्हा दोन. माझ्या एका वेळच्या वाटणीला आले ते दाणे चमचाभरही नव्हते. बाकी सगळं पाणी, हळद आणि फोडणी. ज्या वरणावर मी मोठा झालो, ज्याला पौष्टिक म्हणत आलो, ते बहुतेक पिवळं पाणीच होतं. मी चक्रावून ताटलीकडे बघत राहिलो.

बायको भडकली. "माझ्या वरणाला नावं ठेवायला आता बाहेरच्या बाई लागल्या का? तुमच्या आईचं वरण याहून पातळ होतं. तुम्हीच म्हणायचे, तुझं घट्ट होतं म्हणून!"

ते खरं होतं. आम्ही दोघंही बीडकडचे. आमच्याकडे पातळ वरणाचंच कौतुक.

सोमवारी डबा खाताना मित्राला हे सांगितलं. मला वाटलं होतं, तो हसेल. मटण-चिकन खाणाऱ्यांच्या घरात हा प्रश्न कशाला असेल? पण तो घास हातात धरून विचारात पडला.

"आमच्याकडे तरी काय वेगळं आहे, भावा? पातेलंभर रस्सा. माणशी दोन फोडी, त्यातली एक हाडाची. बाकी रोटी आणि चावल. आम्हीपण रस्साच खातो की." मग म्हणाला, "माझ्या भावाच्या दुकानातून बिनहाडाचं चिकन घेऊन जात जा. छातीचं. ते सुकं करायला सांग वहिनीला. तेल कमी."

अशी माझ्या नव्या आहाराची सुरुवात झाली. आहारतज्ज्ञ बाईंनी सगळं आमच्या स्वयंपाकघरातलंच सांगितलं. सकाळी मुगाच्या डाळीची धिरडी आणि सोबत दही, किंवा अंड्यांची भुर्जी. डब्यात मटकीची किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ, पोळ्या कमी, ताक. शिफ्ट सुटल्यावर वडापावच्या गाडीकडे न बघता मूठभर फुटाणे. रात्री लवकर जेवण, त्यात पनीर, सोयाबीनच्या वड्या किंवा सुकं चिकन आणि भरपूर भाजी. भात बंद नाही, पण आधी उसळ संपवायची, मग भात. आणि आठवड्यातून काही दिवस वजन उचलायचं, हळूहळू वाढवत.

पहिल्या काही दिवसांत पोट जड झालं. कडधान्यांची सवय नव्हती. मग बाई म्हणाल्या, मोड काढा, नीट शिजवा, हळूहळू वाढवा. ते जमलं. महत्त्वाचं म्हणजे मला सारखी भूक लागायची बंद झाली. एवढं खाऊन वजन कसं उतरेल, ही धास्ती मात्र रोज असायची. वजनकाट्यावर उभा राहताना मी श्वास रोखून धरायचो. काटा फार सावकाश खाली येत होता. पण जिना चढताना मांड्या थरथरायच्या थांबल्या होत्या.

हे सगळं करत होती बायको. कडधान्यं भिजवायची, मोड आणायचे, पनीर घरी करायचं, माझा डबा वेगळा भरायचा. सुरुवातीचा राग जाऊन तिला त्यात रस वाटायला लागला होता. "आज तुमच्या डब्यात दुप्पट उसळ आहे," असं ती दारातून सांगायची.

पुढच्या तपासणीला मी तिला बरोबर नेलं. परत येताना तिला पिंपळे सौदागरच्या बाजारात काही घ्यायचं होतं, म्हणून. माझे आकडे चांगले आले. चरबी उतरली होती आणि स्नायू थोडे भरून आले होते. मी खुशीत होतो. बायको त्या यंत्राकडे कुतूहलाने बघत होती.

"मी उभी राहू का? गंमत म्हणून," तिने विचारलं.

"या की!" बाई म्हणाल्या.

ती लग्नात होती तशीच आहे, बारीक. तिला नातेवाइकांत सगळे नशीबवान म्हणतात. काहीही खाल्लं तरी हिच्या अंगाला लागत नाही, असं. चपला काढून, हसत हसत ती यंत्रावर चढली आणि दांडे धरले. आकडे यायला लागले, तसा आहारतज्ज्ञ बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी तिला उतरवलं आणि पुन्हा उभं केलं. पुन्हा तेच.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी मला उत्तर दिलं नाही. तिला म्हणाल्या, "मॅडम, या खुर्चीत बसा. आता हात छातीवर घ्या आणि हात न टेकवता उठा."

बायको उठायला गेली. अर्धी वर झाली आणि परत बसली. तिला वाटलं, साडी अडकली. तिने निऱ्या सावरल्या. दुसऱ्यांदा जोर लावला, चेहरा लाल झाला आणि तिचा हात आपसूक गुडघ्यावर गेला. हात टेकवल्यावर मात्र ती सहज उठली.

"घरी अशाच उठता?"

"हो. म्हणजे... सगळे असेच उठतात ना?"

बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते. मला एकदम आठवलं, की जमिनीवरून उठताना ती भिंत धरते, ओट्याला हात लावते. मी ते रोज बघत होतो आणि मला ते तिचं उठणंच वाटत होतं.

बाईंनी समजावून सांगितलं. वजन कमी म्हणजे चरबी कमी, असं नसतं. तिच्या अंगात स्नायू इतके कमी होते की त्या मानाने चरबीच जास्त भरत होती. चाळिशीतच पायांची ही अवस्था असेल, तर पुढे पडणं, हाड मोडणं, सगळंच सोपं होतं. आणखी तपासण्याही करून घ्यायला सांगितल्या.

"माझ्या अंगात चरबी?" बायको हसायचा प्रयत्न करत होती. "अहो मॅडम, सगळे मला काडी म्हणतात."

"तुम्ही काय खाता?"

"घरात असतं ते. भात, पोळी, वरण."

"सरांसाठी जी उसळ करता ती?"

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती त्यांच्या डाएटची."

"दही?"

"ते त्यांना आणि मुलीला लागतं."

"अंडी, पनीर?"

"मला कशाला? मी बारीकच आहे की."

इतके दिवस मी डब्यातली दुप्पट उसळ खात होतो. पातेलं तेच होतं, भिजवलेली मटकीही तेवढीच. मग दुप्पट आली कुठून?

रिक्षाने घरी येताना मी तिला विचारलं, "आपल्याला काय कमी होतं? जास्त भिजवायची."

"जास्त केलं तर उरतं."

"मग तू खायचं."

"उरलेलं मीच खाते नेहमी. त्याचाच कंटाळा आलाय, म्हणून मोजून करते." मोशीचा चौक आला, रिक्षा पुढे काढायला जागा नव्हती, सगळे खोळंबले होते. मग ती म्हणाली, "आणि वरणाची वरची वरची वाटी मी घेते. खालची डाळ तुम्हाला घट्ट लागते ना आता. मी मुद्दाम नाही हो करत. हात आपोआप तसाच पळी फिरवतो."

मी तिच्या हाताकडे बघितलं. पिशवी धरलेली बोटं, बांगड्या पार कोपरापर्यंत सरकलेल्या. माझी चरबी उतरवायला ती गुपचूप स्वतःच्या वाटीतलं माझ्या वाटीत ओतत होती, आणि त्याला आम्ही दोघंही नियोजन म्हणत होतो.

घरी आल्यावर मी काहीतरी मोठं बोलायला गेलो. आता असं चालणार नाही, वगैरे. तिने मला मध्येच तोडलं.

"माझ्या ताटात डोळे घालून बसू नका. मला घास उतरत नाही. मला काय खायचं ते मी खाईन. तुम्ही फक्त मटकी निवडून द्या."

त्या दिवशी मी मटकी निवडली. तिच्या मुठीने नाही, माझ्या मुठीने, आणि तिघांच्या हिशोबाने. दुसऱ्या दिवशी मुलगी तिच्या आईला म्हणाली, "तू बसल्याशिवाय मी जेवणार नाही." त्यावरून मायलेकींचं भांडण झालं, पोळ्या गार झाल्या, पण शेवटी तिघं एकदम जेवायला बसलो. उसळीचं पातेलं मध्ये होतं. बायकोने आधी माझ्या वाटीत वाढली, मग मुलीच्या, आणि पळी पातेल्यात ठेवून दिली. आम्ही दोघं हात बांधून बसून राहिलो. तिने वैतागून स्वतःची वाटी भरली.

हे लगेच जमलं नाही. तपासण्यांत रक्तही कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. अंडं तिला वासाने नको व्हायचं, मग मित्राच्या बायकोने कांदा आणि पुदिना घालून करायची रीत फोनवर सांगितली, तसं केलं की ती खायची. पाण्याने भरलेल्या बाटल्या घेऊन आम्ही दोघं हॉलमध्ये व्यायाम करायचो आणि मुलगी आम्हाला हसायची. कधी आठवडाभर सगळं नीट चालायचं, कधी पाहुणे आले की पळी पुन्हा जुन्या वळणावर जायची. हळूहळू माझं पोट खरोखर आत गेलं. आणि तिचं वजन वाढलं.

परवा तिच्या माहेरची माणसं आली होती. आपल्या मुलाला चाकणला नोकरी बघायची, म्हणून तिचा भाऊ आणि वहिनी दोन दिवस राहिले. वहिनी दारातूनच म्हणाली, "आगं बाई! लैच सुटलीस की गं! आन दाजी बघ, कसे बारीक झालेत. सगळं तूच खाऊन ऱ्हायली का काय?"

सगळे हसले. मी हसू शकलो नाही. बायकोला लागलं असेल, असं वाटून मी तिच्याकडे बघितलं. ती शांत होती.

"हो वहिनी, खाते," ती म्हणाली. "तुम्ही काय खाता?"

"म्या?" वहिनीला प्रश्नच कळला नाही. "म्हंजी? सगळ्यांचं झाल्यावर आसंल ते. मला काय, काई बी चालतंय."

असं म्हणून ती पदर खोचून उभी राहिली आणि वाढायला म्हणून पुढे आली. तिच्या मनगटाची हाडं वर आलेली होती. तिचा नवरा, माझा मेव्हणा, जेवायला बसलासुद्धा होता. मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो.

बायकोने गॅस बंद केला. वहिनीच्या हातातली पळी काढून घेतली, तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि पातेल्याच्या तळातून घट्ट उसळ घेऊन पहिली वाटी तिच्यासमोर ठेवली.